गरुडाची चोच, लांडग्यांची रांग: प्राण्यांकडून शिकायचं तर नक्की काय? (चर्चेचा धागा; प्रत्येक नोंदीवर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे)

पिंगळा

गरुडाच्या पुनर्जन्माचा मजकूर पुन्हा फिरायला लागलाय. ज्यांच्या नशिबी अजून आला नसेल त्यांच्यासाठी सारांश: गरुड सत्तर वर्षं जगतो. चाळिशीत त्याची चोच वाकते, नखं बोथट होतात, पिसं जड होतात. मग तो डोंगरावर जाऊन खडकावर चोच आपटून तोडतो, नवी आली की तिने नखं उपटतो, नव्या नखांनी पिसं उपटतो. पाच महिन्यांनी नवा जन्म आणि पुढे तीस वर्षं आयुष्य. खाली तात्पर्य: वेदना सोसल्याशिवाय बदल नाही.

यातलं एकही वाक्य खरं नाही. रानातला गरुड साधारण वीस-तीस वर्षं जगतो. अमेरिकेतल्या पांढऱ्या डोक्याच्या गरुडांत कडं घातलेला, नोंद असलेला सर्वांत म्हातारा पक्षी ३८ वर्षांचा होता. २०१५ मध्ये न्यूयॉर्क राज्यात तो गाडीखाली गेला. चोच म्हणजे हाडावरचं केराटिनचं आवरण. आपल्या नखासारखं ते सतत वाढतं आणि खाताना, घासताना झिजतं. पिंजऱ्यातल्या पक्ष्याची झीज होत नाही म्हणून चोच वाढते आणि ती कानशीने घासावी लागते. हाडासकट मोडली तर ती परत येत नाही, आणि चोच नसलेला शिकारी पक्षी मांस फाडू शकत नाही. पाच महिने उपास हा प्रकार त्याच्या शरीराला झेपणाराच नाही.

खरा गरुड जे करतो ते जास्त कामाचं आहे. तो पिसं टाकतो, पण हप्त्याहप्त्याने. प्रत्येक पंखाला टोकाची दहा मोठी पिसं असतात. त्यांतली एक-दोन गळतात, दुसऱ्या पंखावरचीही साधारण त्याच सुमाराला, म्हणजे तोल राहतो. नवं पीस पुरतं भरलं की पुढचं. मोठ्या गरुडांत सगळा संच बदलायला दोन किंवा जास्त वर्षं लागतात आणि या काळात तो रोज उडतो, रोज शिकार करतो.

दुकानाची बिलिंगची पद्धत बदलायची असेल तर हे थेट लागू पडतं. चार काउंटर असतील तर आधी एकाच काउंटरवर नवी पद्धत, महिनाअखेरचा हिशेब जुळला की दुसरा. चारही एकाच सोमवारी बदलले की गिऱ्हाइकांची रांग रस्त्यावर येते, आणि मालक म्हणतो की बदल म्हटला की वेदना आलीच.

धाग्यात भर घालताना तीन गोष्टी लिहाव्यात ही विनंती: कोणता प्राणी, कुठे बघितलं गेलंय, आणि त्या वागण्यामागे शरीराचं किंवा पोटाचं कोणतं गणित आहे. यातलं काही सांगता येत नसेल तर तो धडा प्राण्याचा नाही, लिहिणाऱ्याचा.

करवंदीची जाळी

हप्त्याहप्त्याने हा एकच मार्ग नाही हेही नोंदवायला हवं. बदकं उड्डाणाची सगळी पिसं एकदम टाकतात. आपल्याकडे हिवाळ्यात येणारा चक्रवाक वीण झाल्यावर सुमारे चार आठवडे उडूच शकत नाही. हा काळ तो उत्तरेकडे, मोठ्या सुरक्षित पाण्यावर काढतो आणि मगच इकडे यायला निघतो. बदकाचं अंग जड आणि पंख लहान, दोन पिसं कमी झाली तरी उडणं बिघडतंच. मग वर्षभर रखडण्यापेक्षा महिनाभर बसून उरकलेलं बरं.

त्याहून टोकाचं उदाहरण धनेशाचं. कोकणात, गोव्यात, दांडेलीकडे महाधनेश आहे. मादी मोठ्या झाडाच्या ढोलीत शिरते, विष्ठा आणि फळांचा लगदा वापरून तोंड लिंपते, चोच बाहेर येईल एवढी उभी फट ठेवते. आत ती उड्डाणाची पिसं टाकते, एक-दोन अंडी घालते आणि तीन-चार महिने नराने आणलेल्या उंबर-वडाच्या फळांवर राहते. नर गळ्यातून एकेक फळ वर काढून फटीतून देतो. तो मारला गेला तर बहुतेक वेळा घरटं फसतं, कारण आतल्या मादीला धड उडताही येत नाही.

म्हणजे सगळं एकदम सोडायचं असेल तर तीन गोष्टी आधी हव्यात: बंद होणारी ढोली, फळं आणणारा, आणि ठरलेली मुदत. नोकरी सोडून एमपीएससीला बसणाऱ्यांनी याच क्रमाने हिशेब मांडावा. जागा आणि खर्च भागवणारा माणूस पक्का आहे का, त्याचं उत्पन्न थांबलं तर किती महिन्यांची शिल्लक आहे, आणि बाहेर कोणत्या तारखेला यायचं. तिसरा मुद्दा बहुतेक जण टाळतात. धनेशीण मात्र पिल्लू वाढायला जेवढा काळ लागतो त्याहून जास्त आत बसत नाही, आणि महाधनेशात तर ती आधी बाहेर पडते व पिल्लू फट पुन्हा लिंपून घेतं.

माळरान

धनेशाचं उदाहरण उत्तम. लांडग्यांच्या रांगेचं मी घेतो.

असाच फिरणारा फोटो: बर्फातून ओळीने चाललेले लांडगे, खाली मजकूर: पुढचे तीन म्हातारे-आजारी, ते वेग ठरवतात, मागे पाच बलवान, मध्ये सगळे, सर्वांत शेवटी एकटा ‘अल्फा’ म्हणजे म्होरक्या, सगळ्यांवर नजर ठेवून. फोटो खरा आहे. तो कॅनडातल्या वुड बफेलो राष्ट्रीय उद्यानातल्या, बायसन मारणाऱ्या मोठ्या कळपाचा. मजकूर मात्र नंतर कुणीतरी चिकटवलेला. खोल बर्फात पुढे चालणाऱ्याला छातीने वाट फोडावी लागते, मागचे त्याच्या पावलांच्या खड्ड्यांत पाय टाकतात आणि त्यांची शक्ती वाचते. असं काम कोणी आजाऱ्याला देत नाही. पुढे बहुधा अनुभवी, तगडा प्राणी असतो. या फोटोत ती मादी आहे.

‘अल्फा’ची गोष्ट आणखी मजेशीर. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकत्र कोंडलेले लांडगे मारामाऱ्या करून क्रम लावत होते, तिथून ही कल्पना पसरली. लांडग्यांचे अमेरिकी अभ्यासक डेव्हिड मेक यांनी आधी ती उचलून धरली आणि १९९९ मध्ये स्वतःच खोडली. रानातला कळप म्हणजे बहुधा आई, बाप आणि एक-दोन वर्षांची पोरं. ‘अल्फा’ म्हणजे हे आई-बाप, आणि त्यांना कुणाशी लढून ते पद मिळवावं लागत नाही. सोलापूर, नगर, पुण्याच्या माळांवरही साधारण असंच कुटुंब असतं.

व्यवस्थापनाच्या शिबिरांत अजून अल्फा शिकवतात. कोंडलेल्या, पळून जायला जागा नसलेल्या अनोळखी जिवांचं वागणं म्हणून ते शिकवलं तर काही ऑफिसांना ते चपखल बसेल, पण तसं कोणी सांगत नाही.

तिरकस

सगळं वाचलं. पण मुळात प्राण्यांकडून नीती शिकायचीच का? वानरांच्या टोळीवर नवा नर ताबा घेतो तेव्हा आधीच्या नराची अंगावर पिणारी पिल्लं मारतो. धारवाडला १९६० च्या दशकात हे नोंदवलं गेलं, पुढे अबूला सविस्तर अभ्यास झाला. पिल्लू गेलं की मादी लवकर माजावर येते, हे त्यातलं गणित. पिंगळा यांच्या तिन्ही अटी यात बसतात. घ्या धडा.

अंजनी

तिरकस, आक्षेप रास्त आहे, पण आपल्या परंपरेत त्याचं उत्तर आहे. भागवतातल्या यदु-अवधूत संवादातले चोवीस गुरू बघा. त्यांतले बरेचसे ‘असं करू नये’ म्हणून गुरू आहेत. हत्ती हत्तिणीच्या स्पर्शापायी खड्ड्यात पडतो, मासा जिभेपायी गळाला लागतो, पतंग रूपापायी दिव्यावर जातो, कपोत पिल्लांच्या मोहात जाळ्यात शिरतो. प्राणी आदर्श आहे असा दावाच नाही. वागणं आणि त्याचा परिणाम एवढं बघायचं आणि स्वतःला लागू आहे का ते आपण ठरवायचं. फॉरवर्डमध्ये ही दुसरी बाजू कधीच नसते, तिथे प्रत्येक प्राणी वक्ताच.

त्याच यादीतली कुररी तर शब्दशः बघायला मिळते. तोंडात मांस असलेल्या पक्ष्यावर बलवान पक्षी तुटून पडतात, मांस टाकलं की पाठलाग थांबतो. कोळीवाड्यांत मासे वाळत घातलेले असतात तिथे घारी आणि कावळे हेच करतात. हिशेब सरळ आहे: तुकडा राखायला लागणारी ताकद तुकड्यातून मिळणाऱ्या ताकदीपेक्षा जास्त झाली की तो टाकायचा. वडिलोपार्जित दोन गुंठ्यांसाठी वीस वर्षं तारखा घालणाऱ्यांनी वकिलाची फी, गाडीखर्च आणि बुडालेले दिवस एका कागदावर लिहून त्याशेजारी गुंठ्याचा आजचा भाव लिहावा.

यादीत निरीक्षण चुकलेलंही एक आहे. कुंभारीण माशी अळीला मातीच्या घरट्यात कोंडते आणि भीतीने माशीचं ध्यान करकरून अळीच माशी होते, असं मानलं गेलं. प्रत्यक्षात डंखाने लुळी केलेली ती अळी माशीच्या पिल्लाची शिदोरी असते. घरट्यात अंडं असतं, त्यातून निघालेलं पिल्लू अळी खाऊन वाढतं आणि माशी होऊन बाहेर पडतं. ध्यानाचं रूपक सुंदर आहे, फक्त अळीला विचारू नये.

तिरकस

अळीला विचारू नये, हे आवडलं. मागे घेतो, पण अर्धंच.

खडकपायथा

स्वयंसेवेबद्दल एक. आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटातले मीरकॅट (मुंगसाच्या कुळातले छोटे प्राणी) टोळीने माती उकरत किडे शोधतात तेव्हा एकजण उंचावर उभा राहून पहारा देतो. आपल्या सातभाईंतही हेच दिसतं: थवा पाचोळा उलटतोय आणि एक वर फांदीवर. याला वर्षानुवर्षं त्याग म्हणत आले.

१९९९ मध्ये क्लटन-ब्रॉक आणि सहकाऱ्यांनी मीरकॅटांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहाऱ्याचं वेळापत्रक नाही, ठरलेली पाळी नाही. ज्याचं पोट भरलं तो वर चढतो. काहींना उकडलेलं अंडं खाऊ घातलं तर ते जास्त वेळ पहारा देऊ लागले. पहारेकरी बिळाच्या तोंडाजवळची जागा धरतो आणि धोका त्यालाच आधी दिसतो, त्यामुळे तो फारसा धोक्यात नसतो. आणि तो गप्प बसत नाही. थोड्या थोड्या वेळाने हलका आवाज काढत राहतो, म्हणजे खाली खाणाऱ्यांना मान वर करून बघावं लागत नाही.

गणेश मंडळं आणि सोसायट्यांच्या कामांत नेमकं उलटं होतं. पाळी नावाने लावली जाते, म्हणून ज्याची परीक्षा किंवा ज्याच्या घरी आजारपण आहे तोही यादीत येतो आणि मग येत नाही. त्याऐवजी दर आठवड्याला ‘या आठवड्यात कोण मोकळं आहे’ एवढंच विचारावं, सलग दोन आठवडे एकाच माणसावर काम पडू देऊ नये, आणि ज्याने घेतलं त्याने दिवसातून एकदा ग्रुपवर ‘बघतोय, सगळं ठीक’ असं टाकावं. हा शेवटचा संदेश फालतू वाटतो. तो नसला की पाचजण एकाच टाकीवर पाणी बघायला चढतात.

सुगी

मीरकॅटवरून पुढे. शिकवण्याची इतकी नीट नोंद झालेले रानटी प्राणी मोजकेच आहेत. मीरकॅटांच्या खाण्यात विंचू असतो. थॉर्नटन आणि मॅकऑलिफ यांनी २००६ मध्ये दाखवलं की मोठे मीरकॅट लहान पिल्लाला आधी मेलेला विंचू देतात, मग नांगी तोडलेला जिवंत, आणि शेवटी नांगीसकट. देऊन निघून जात नाहीत. शेजारी थांबतात, विंचू निसटला तर परत आणून देतात, पिल्लू दुर्लक्ष करत असेल तर तोंडाने ढोसतात. यात मोठ्याचा वेळ जातो, पिल्लाच्या चुकांत अन्नही जातं.

आता गडबड कुठे होते ते बघा. पिल्लाला किती जमतं हे मोठे तपासत नाहीत, त्याच्या मागण्याच्या आवाजावरून वय ओळखतात. संशोधकांनी लहान पिल्लांजवळ मोठ्या पिल्लांचे आवाज वाजवले तर मोठे त्यांना जास्त जिवंत शिकार आणून देऊ लागले. घरातही हेच चुकतं. सातवीत गेला म्हणून सायकल हायवेवर, आठवीत गेली म्हणून गॅस. इयत्तेऐवजी हातातलं काम बघावं.

विहिरीत पोहायला शिकवणारे हे बरोबर करतात: पाठीला रिकामा हवाबंद डबा, मग लहान डबा, मग डब्याशिवाय पण काठाला दोर धरलेला माणूस. पायरी तेव्हाच बदलायची जेव्हा आधीच्या पायरीवर पोर न दमता फेरी मारतं. आणि पायरी बदलल्यावर दोर धरणाऱ्याने काठ सोडायचा नाही, पहिल्या दिवशी तर नाहीच.

करवंदीची जाळी

वडीलधाऱ्यांवरून पिलानेसबर्ग आठवलंच पाहिजे. दक्षिण आफ्रिकेतलं हे एक राखीव रान. तिथल्याच क्रूगर राष्ट्रीय उद्यानात हत्तींची संख्या कमी करण्यासाठी कळप मारले जात. त्यातून वाचलेली पोरकी पिल्लं १९८० च्या आसपासपासून पिलानेसबर्गला नेली. मोठे नर नेले नाहीत, तेव्हा त्यांची वाहतूक झेपत नव्हती. ती पोरं वाढली आणि १९९२ ते १९९७ या काळात या तरुण नरांनी चाळीसहून अधिक पांढरे गेंडे मारले. नर हत्ती साधारण पंचविशी-तिशीत नियमित माजावर येतो. हे अठराव्या वर्षीच येत होते आणि माज लांबत होता.

१९९८ मध्ये क्रूगरमधून सहा पूर्ण वाढलेले नर आणले. तरुणांचा माज आखूड झाला, गेंडे मरणं थांबलं. कारण शारीरिक आहे: माजावरचा तरुण नर आपल्याहून मोठ्या, माजावरच्या नराला भेटला की त्याचा माज उतरतो.

यातून लोक ‘मुलांवर वडिलांचा धाक हवा’ असं काढतात, ते घाईचं आहे. त्या सहांनी कुणाला वळण लावलं नाही. ते फक्त त्याच रानात, त्याच पाणवठ्यावर रोज होते. कारखान्यात वीस शिकाऊ मुलं एका पाळीत आणि अनुभवी कारागीर दुसऱ्या पाळीत ठेवले तर सूचनाफलकाने काही होत नाही. प्रत्येक पाळीत दोन-तीन मुरलेले हात हवेत, आणि ते त्या कामात खरोखर वरचढ असावेत. नुसतं वय जास्त असून भागत नाही, पोरं ते पहिल्या तासात ओळखतात.

माळरान

याच्या जोडीला जुन्नर. बिबटे फार झाले म्हणून २००१ पासून पकडून सरासरी चाळीस किलोमीटरवरच्या जंगलांत सोडले गेले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये आकडे मांडले: माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते, ते १७ झाले. त्यांतल्या जीवघेण्यांचं प्रमाण १८ टक्क्यांवरून ३६ वर गेलं. आणि हल्ले जमले ते सोडण्याच्या जागांच्या आसपास. उसात वाढलेला बिबट्या माणसाला टाळून जगायला शिकलेला असतो. त्याला पिंजरा, प्रवास आणि अनोळखी मुलूख देऊन आपण ते शिकणं पुसतो, शिवाय रिकामी जागा दुसरा बिबट्या घेतोच.

त्रासदायक कर्मचाऱ्याची ‘बदली’ करणाऱ्यांनी हे आकडे वाचावेत. बदली होण्याआधी त्या टेबलावर नेमकं काय त्याला खेचून आणतं ते काढावं. बिबट्याच्या बाबतीत ते म्हणजे उकिरडा, त्यावरची भटकी कुत्री आणि रात्री उघड्यावर बांधलेली शेळी.

खारीचा वाटा

सोसायटीच्या पुनर्विकासाच्या बैठका सात महिने चालू आहेत, निर्णय नाही. यावर कोणता प्राणी आहे का? मनापासून विचारतेय.

अंजनी

आहे. मधमाश्या. यावरचं काम युरोपीय मधमाशीवर झालंय, लिंडाउअर यांचं १९५० च्या दशकात जर्मनीत आणि पुढे थॉमस सीली यांचं अमेरिकेत. वसाहत फुटली की राणीसह सुमारे दहा हजार माश्या फांदीला लटकतात. त्यांतल्या काहीशे घर शोधायला जातात. हवी असते सुमारे चाळीस लिटरची, लहान तोंडाची कोरडी ढोली. परत आलेली माशी नाचून दिशा आणि अंतर सांगते. जागा जितकी चांगली तितक्या जास्त फेऱ्या.

कामाचे मुद्दे असे. नाच बघणारी माशी लगेच त्याच जागेसाठी नाचत नाही, स्वतः जाऊन मोजते, मगच नाचते. तुमच्याकडे किती सभासदांनी तिन्ही बिल्डरांची आधी पूर्ण झालेली इमारत स्वतः बघितली आहे? ज्यांनी बघितली नाही त्यांनी त्या बैठकीत ऐकावं, बोलू नये, एवढा एक ठराव करून घ्या.

दुसरं, प्रत्येक माशी परतून नाचते तेव्हा फेऱ्या कमी करत जाते आणि काही खेपांनी गप्प होते, जागा उत्तम असली तरी. म्हणून चुकीची जागा हट्टाने तरत नाही. जागेला दर खेपेला नवे समर्थक मिळाले तरच ती टिकते. बैठकीत हे करायचं तर एका प्रस्तावावर एका सभासदाने दोनदाच बोलायचं.

तिसरं, निर्णय फांदीवर होत नाही. नव्या जागेवर एकाच वेळी वीस-तीस माश्या जमल्या की तिथूनच ठरतं, मग त्या परत येऊन बाकीच्यांना उड्डाणासाठी अंग तापवायला लावतात. सर्वानुमताची वाट बघितली जात नाही. राणीला मत नाही, हेही अध्यक्षांच्या कानावर घाला.

खारीचा वाटा

दोनदाच बोलायचं हे अध्यक्षांनाच जड जाईल. पण दोन बिल्डर अगदी सारखे असले तर? आमच्याकडे तसंच आहे.

अंजनी

तर भांडण होतं. लिंडाउअर यांनी असा थवा बघितला की जो दोन दिशांना निघाला, हवेतच फुटला आणि परत फांदीवर येऊन लटकला. न ठरलेला थवा क्वचित उघड्यावरच पोळं बांधायला घेतो आणि थंड प्रदेशात हिवाळ्यात मरतो. हे टाळायला माश्यांकडे एक युक्ती आहे, २०१२ मध्ये सविस्तर प्रसिद्ध झालेली: एका जागेच्या समर्थक दुसऱ्या जागेसाठी नाचणाऱ्या माशीला डोक्याने ढुशी देऊन छोटा आवाज काढतात. पुरेशा ढुश्या बसल्या की ती नाच थांबवते. दोन्ही बाजू एकमेकींना थांबवत असतात, त्यामुळे ज्या जागेकडे थोड्या जास्त माश्या असतात ती झपाट्याने पुढे जाते आणि बरोबरी मोडते.

तुमच्या सभेत ढुशी म्हणजे विरोधी प्रस्तावावर लेखी प्रश्न. प्रत्येक बाजूने दुसऱ्या बिल्डरबद्दल फक्त तीन लेखी प्रश्न द्यावेत: चटईक्षेत्र, भाडं किती महिने आणि बँक हमी किती, असे मोजता येणारे. उत्तर पंधरा दिवसांत लेखी आलं नाही तर त्या प्रस्तावाची बाजू मांडणाऱ्याने त्या सभेत बोलायचं नाही. आणि दोघांचीही उत्तरं पूर्ण आली, खरोखर तोडीस तोड निघाली, तर चिठ्ठी टाका. दोन सारख्या ढोल्यांतली कुठलीही घेतली तरी चालते. पावसात फांदीला लटकत राहणं तेवढं चालत नाही.

खारीचा वाटा

प्रश्न टाईप करून सचिवांना पाठवते. भाडं आणि बँक हमीचा एकच ठेवते, तिसरा पार्किंगचा घेते.